सुताराचे हात

साडेअकरा वाजून गेले. तो सुतार काही डोक्यातून जात नाही.

इंग्रज चित्रकार जॉन एव्हरेट मिलेच्या 'ख्राइस्ट इन द हाउस ऑफ हिज पेरेन्ट्स' (आईवडिलांच्या घरातला ख्रिस्त) या चित्राआधीची पेन्सिलीची रेखाटनं लंडनच्या टेट गॅलरीच्या संग्रहात आहेत, ती संध्याकाळी पाहत बसले होते. कोण कुठे उभं राहणार, कोण कुणाकडे वाकणार, एवढंच तो त्यात जुळवतोय. माणसं नुसती रेघांची, वजन नसलेली. मग रंगवलेलं चित्र उघडलं आणि योसेफाच्या, येशूच्या सुतार बापाच्या, हातांवर नजर अडकली. तटतटलेल्या शिरा, राठ कातडी. छोट्या येशूच्या तळव्याला खिळा लागलाय, रक्ताचा थेंब पावलावर पडलाय, आजी अ‍ॅना पकड घेऊन पुढे झुकलीय आणि योसेफ जखम बघतोय. बाकावर अर्धवट दार, खाली ढलप्यांचा खच.

मिले तेव्हा जेमतेम वीस वर्षांचा. योसेफाचं डोकं त्याने स्वतःच्या वडिलांवरून घेतलं. अंग मात्र खऱ्या सुताराचं, कारण स्नायू बरोबर यायचे तर दुसरा इलाज नाही असं त्याचं म्हणणं. दुकानही खरंच, लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचं. वडिलांचं नाव राहिलं, येशूच्या आईसाठी, मारियेसाठी, बसलेल्या वहिनीचं राहिलं. सुतार नुसता 'सुतार'.

आणि १८५० मध्ये चित्र रॉयल अकादमीच्या प्रदर्शनात लागलं तेव्हा कादंबरीकार डिकन्स तुटून पडला तो याच हातापायांवर. असली माणसं दारुड्यांच्या इस्पितळात शोभतील, फुगलेल्या शिरांची, अशा अर्थाचं लिहिलं त्याने. गरिबांची बाजू घेणाऱ्या डिकन्सने! वाचून मला रडूच फुटलं. त्या शिरा माझ्या घरात आहेत. जन्मभर उभं राहून रंधा मारल्यावर पायांचं दुसरं काय होणार?

परवा वास्तुशांतीला सगळ्यांना अण्णांच्या हातचं ते सागवानी कपाट दाखवत होते, डिझायनरचं नाव घेऊन घेऊन. अण्णा तिथेच खुर्चीत, पट्ट्या बांधलेले पाय लांब करून बसलेले. एकानेही विचारलं नाही. दादा तर... जाऊ दे.

नाव का नाही लिहिलं कुणी? एक ओळ पुरली असती.

पण हेही खरं की त्या माणसावाचून मिलेचं अडलं होतं. रेखाटनात सगळी मांडणी जमली तरी योसेफ उभा राहायला त्याचेच दंड लागले, आणि ते पावणेदोनशे वर्षांनंतरही तिथे आहेत. अण्णांनी तरी कुठल्या कपाटावर नाव कोरलं? भिंतीला लागणाऱ्या मागच्या फळीवरूनसुद्धा तळवा फिरवायचे, मगच "उचला" म्हणायचे. त्यांना तेवढं पुरलं. मला पुरत नाही, हे माझं दुखणं, त्यांच्या गळ्यात कशाला घालू?

जेवणानंतर मोबाइलवर चित्र मोठं करून त्यांना दाखवलं. येशूकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. हात पाहिले, भिंतीवरचा त्रिकोणी गुण्या पाहिला, परत हात पाहिले.

"बरेच दिवस बसवलं असेल याला," म्हणाले. "तेवढा खाडा भरून दिला का?"