फोन हरवल्यावर व्हॉट्सअ‍ॅप परत मिळवताना: आधी काय, मग काय

फोन हरवला की बहुतेक जण मिळेल त्या हँडसेटवर घाईघाईने व्हॉट्सअ‍ॅप टाकतात, नंबर भरतात आणि समोर येईल ते बटण दाबत सुटतात. खातं तसं मिळूनही जातं. पण वर्षानुवर्षांचे मेसेज आणि फोटो बहुतेक वेळा त्याच घाईत जातात.

त्यामुळे एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या. खातं परत मिळणं वेगळं आणि चॅट परत मिळणं वेगळं. खातं तुमच्या मोबाइल नंबराशी बांधलेलं असतं. नंबर पुन्हा हातात आला की खातं आलंच. चॅट मात्र हरवलेल्या फोनमध्ये असतात आणि चालू ठेवला असेल तर गूगल किंवा आयक्लाउडवरच्या (अ‍ॅपलच्या ऑनलाइन साठवणीतल्या) बॅकअपमध्ये, म्हणजे जादा प्रतीत. पोहोचलेला मेसेज व्हॉट्सअ‍ॅपच्या सर्व्हरवर राहत नाही. म्हणून ‘कंपनीला सांगून जुने मेसेज काढून घेऊ’ ही आशा धरू नका.

पहिला फोन सिम कंपनीला करा. हरवलेल्या हँडसेटला भक्कम स्क्रीन लॉक असला, तरी आतलं सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालायला वेळ लागत नाही. सिमला स्वतःचा पिन लावलेला नसेल, तर तुमच्या नंबरावर येणारा प्रत्येक एसएमएस त्या माणसाला मिळतो. व्हॉट्सअ‍ॅपचा कोडही आणि बँकेचाही. ई-सिम काढून घेता येत नाही, पण तेही बंद करायला सांगा. नाहीतर नंबर तिथेच अडकून राहतो. त्याच संभाषणात त्याच नंबराचं नवीन सिम मागा.

इथे अनेकांची एक गैरसमजूत असते: सिम बंद केलं की त्या फोनवरचं व्हॉट्सअ‍ॅपही बंद झालं. तसं होत नाही. एकदा नोंदणी झाली की व्हॉट्सअ‍ॅपला सिमची गरज उरत नाही, वाय-फाय मिळालं की ते चालू राहतं. म्हणून दुसरं काम म्हणजे फोन दुरून लॉक करणं. अँड्रॉइडसाठी गूगलचं ‘फाइंड हब’, आयफोनसाठी ‘फाइंड माय’. दोन्ही कुठल्याही ब्राउझरमधून उघडतात. तिथे ‘लॉक’ किंवा ‘लॉस्ट’ निवडा. लगेच ‘इरेज’ करू नका. पुसलेला अँड्रॉइड नकाशावर दिसेनासा होतो, आणि बॅकअप न झालेलं सगळं त्याच्याबरोबर जातं. फोन मिळण्याची आशा संपली आणि आतली माहिती नाजूक असेल, तेव्हाच पुसा. आयफोन पुसलात तरी तो अ‍ॅपल खात्यातून काढून टाकू नका. काढलात की अ‍ॅक्टिव्हेशन लॉक (तुमच्या खात्याशिवाय फोन सुरू होऊ न देणारं कुलूप) उठतो आणि तो फोन दुसऱ्या कोणालाही वापरायला मोकळा होतो.

नवं सिम एक-दोन दिवसांत मिळणार असेल, तर व्हॉट्सअ‍ॅपला वेगळं काही कळवायची गरज नाही. नव्या फोनवर तुमचा नंबर नोंदला की जुन्या फोनवरचं व्हॉट्सअ‍ॅप आपोआप बाहेर पडतं. परदेशात आहात, सिम मिळायला आठवडे लागणार आहेत, आणि फोनला लॉक नव्हता, अशा वेळी मात्र व्हॉट्सअ‍ॅपच्या मदत केंद्रातून ईमेल करून खातं निष्क्रिय करायला सांगा. फोन हरवला किंवा चोरीला गेला एवढं लिहा आणि देशाच्या कोडसह पूर्ण नंबर द्या. त्यानंतर ३० दिवस खातं शाबूत राहतं. तुमचं प्रोफाइल लोकांना दिसतं, त्यांनी पाठवलेले मेसेज तुमच्यासाठी थांबून राहतात. त्या ३० दिवसांत नोंदणी केली नाही तर खातं पुसलं जातं आणि सगळे ग्रुपही हातचे जातात. ही तारीख कुठेतरी ठळक लिहून ठेवा.

संगणकावर व्हॉट्सअ‍ॅप उघडं असेल तर

तसं असेल तर ती मोठी सोय आहे, आणि लोक नेमकी तीच वाया घालवतात. एका खात्याला चारपर्यंत जोडलेली उपकरणं चालतात आणि मुख्य फोन बंद असला तरी ती काम करतात. मुख्य फोन १४ दिवस वापरात नसेल तर मात्र तीही बाहेर पडतात. म्हणजे हातात थोडा वेळ आहे. जवळच्यांना फोन हरवल्याचं कळवा, ‘माझ्या नावाने कोणी पैसे मागितले तर देऊ नका’ हे सांगा, आणि मुख्य म्हणजे महत्त्वाच्या फाइली, फोटो, पत्ते संगणकावर उतरवून घ्या. नव्या फोनवर नोंदणी केली की ही जोडलेली उपकरणं तुटतात, आणि संगणकावर दिसणारा इतिहास नव्या फोनमध्ये ओढून घेण्याची सोय नाही. उतरवायचं ते आधीच उतरवा.

यानंतरचा टप्पा सिम आल्यावरचा, पण तयारी आधी करायची असते. बॅकअप गूगल खात्यात आहे, आणि त्या खात्यात शिरायला गूगल हरवलेल्या फोनवरच ‘तुम्हीच आहात का’ विचारतं. या फेऱ्यात माणूस अडकतो. बाहेर पडायचे मार्ग असे: घरातल्या संगणकावर तेच खाते आधीपासून उघडं असणं, ८ अंकी बॅकअप कोड लिहून ठेवलेले असणं (गूगल ते १० देतं), किंवा नव्या सिमवर येणारा एसएमएस. अ‍ॅपलकडे विश्वासू नंबर किंवा तुम्ही नेमलेली रिकव्हरी व्यक्ती कामी येते. व्हॉट्सअ‍ॅपला हात लावण्याआधी नव्या फोनवर हे खातं पूर्ण उघडलेलं असलं पाहिजे. क्रम असा: सिम, मग गूगल किंवा अ‍ॅपल खातं, आणि सगळ्यात शेवटी व्हॉट्सअ‍ॅप.

नोंदणी करताना कोड येत नाही ही तक्रार सर्वांत जास्त. कधी कधी ६ अंकी कोड एसएमएसने न येता जुन्या फोनवरच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये पाठवला जातो. तसं लिहून आलं तर दुसरा मार्ग निवडून एसएमएस मागा. नवं सिम चालू झाल्यावर सुरक्षेसाठी काही काळ एसएमएस रोखून ठेवण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. म्हणून आधी कोणाला तरी साधा एसएमएस पाठवायला सांगा. तो आला नाही तर कोडही येणार नाही, आणि दोष व्हॉट्सअ‍ॅपचा नाही. पडद्यावरची उलटी मोजणी संपल्यावर ‘कॉल करा’ हा पर्याय येतो, तो चांगला चालतो. पुन्हा पुन्हा कोड मागू नका, अंदाजाने आकडे तर मुळीच टाकू नका. प्रत्येक चुकीनंतर थांबायची मुदत वाढत जाते आणि पाच मिनिटांचं काम उद्यावर जातं. आधी पासकी (कोडऐवजी बोटाच्या ठशाने, चेहऱ्याने किंवा फोनच्या लॉकने ओळख पटवण्याची सोय) तयार केलेली असेल तर ती गूगल किंवा अ‍ॅपल खात्याबरोबर नव्या फोनवर येते. मग कोडची वाट न बघताही काम होऊ शकतं.

याच काळात ‘आम्ही सपोर्टमधून बोलतोय, आलेला कोड सांगा’ असे फोन येतात. खातं मिळवून देतो म्हणणारे समाजमाध्यमांवरही भेटतात. तुमच्या नंबरावर आलेला कोड कुठल्याही प्रामाणिक माणसाला लागत नाही. तो मागणारा प्रत्येक जण चोर समजा.

मग येतो पिन. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा (जादा सुरक्षेसाठी तुम्ही स्वतः ठरवलेला) ६ अंकी पिन आणि एसएमएसमधला ६ अंकी कोड या वेगळ्या वस्तू आहेत, हे नीट बघा. दोन्ही सहा अंकी असल्याने लोक एकाच्या जागी दुसरा टाकत बसतात. पिन आठवत नसेल आणि तुम्ही ईमेल जोडलेला असेल, तर ईमेलवर दुवा मागवून तो काढता येतो. ईमेल नसेल तर ७ दिवस थांबणं हा एकच उपाय. मधल्या काळात कोणी तुमच्या खात्यात शिरून स्वतःचा पिन लावून ठेवला असेल तरी नियम हाच. पण घाबरू नका: तुम्ही एसएमएसचा कोड बरोबर टाकला त्या क्षणी तो माणूस बाहेर पडलेला असतो. ते ७ दिवस तुमचे जसे बंद, तसे त्याचेही बंद.

रिस्टोरचा पडदा

सगळ्यात सावध राहायचं ते इथे. नंबराची खात्री पटली की व्हॉट्सअ‍ॅप बॅकअप शोधतं आणि तारीख, आकार दाखवून ‘रिस्टोर’ करायचं का, म्हणजे जुने चॅट परत उतरवायचे का, विचारतं. हा प्रश्न फक्त सुरुवातीला येतो. ‘स्किप’ दाबलंत तर रिकाम्या खात्यात शिरता, आणि सेटिंगमध्ये कितीही शोधलंत तरी नंतर रिस्टोरचं बटण सापडत नाही. त्याहून वाईट म्हणजे रात्री आपोआप होणारा बॅकअप. गूगलवर शेवटचाच बॅकअप राहतो, त्यामुळे नवा, जवळजवळ रिकामा बॅकअप जुन्या भरलेल्या बॅकअपच्या जागी बसतो. चुकून स्किप झालं असेल तर आधी चॅट बॅकअपमध्ये जाऊन आपोआप बॅकअप बंद करा, मग अ‍ॅप काढून पुन्हा टाका आणि नोंदणी नव्याने करा. जितक्या लवकर कराल तितकं बरं.

बॅकअप सापडत नाही असा संदेश आला, तरी पुढे जाऊ नका. मागे या आणि तपासा. बहुतेक वेळा फोनवर दुसरंच गूगल खातं उघडलेलं असतं. एकाच माणसाची दोन-तीन खाती असतात आणि बॅकअप कुठल्या खात्यात होता ते लक्षात नसतं. नंबरही तोच हवा, कारण दुसऱ्या नंबराने घेतलेला बॅकअप उघडत नाही. आयफोनवर आयक्लाउड ड्राइव्ह चालू आहे का ते पाहा. फोनमध्ये पुरेशी जागा ठेवा, वाय-फायवर बसा, चार्जर लावा. आधी मेसेज येतात, फोटो-व्हिडिओ मागाहून येत राहतात. ते धूसर दिसले म्हणून अ‍ॅप काढून टाकू नका.

बॅकअपला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (फक्त तुमच्याच किल्लीने उघडणारं कुलूप) लावलेलं असेल तर त्याचा पासवर्ड किंवा ६४ अंकी की लागते. ती हरवली असेल तर बॅकअप कोणालाच उघडता येत नाही, व्हॉट्सअ‍ॅपलाही नाही. ही सोय चांगलीच आहे, मी ती लावाच म्हणेन. पण ती की फोनमधल्याच नोट्समध्ये ठेवणं म्हणजे कुलपाची किल्ली त्याच कपाटात कोंडणं.

हरवलेला फोन अँड्रॉइड होता आणि नवीन आयफोन घ्यायचा विचार असेल, तर थोडं थांबा. गूगलवरचा बॅकअप आयफोनवर उतरत नाही, आयक्लाउडवरचा अँड्रॉइडवर उतरत नाही. दोन प्रकारांमध्ये चॅट हलवायला जुना फोन समोर लागतो, आणि तोच तर हरवला आहे. यातून वाट अशी: घरातला एखादा पडून असलेला अँड्रॉइड घ्या, त्यावर तुमचा नंबर नोंदून बॅकअप उतरवा, आणि मग ‘मूव्ह टू आयओएस’ अ‍ॅपने तो नव्या आयफोनवर हलवा. त्यासाठी आयफोन कोराकरकरीत किंवा पूर्ण रिसेट केलेला हवा. म्हणून आयफोनची मांडणी आधी करून बसू नका.

खातं उघडल्यावर ग्रुप जसेच्या तसे असतात, अ‍ॅडमिनपदही टिकतं. एक टिक पडून राहिलेले मेसेज आता येऊ लागतात. जे दोन टिक पडून जुन्या फोनवर पोहोचले होते आणि बॅकअपनंतरचे होते, ते येत नाहीत. समोरच्याला पुन्हा पाठवायला सांगा. तुमचा सुरक्षा कोड (एन्क्रिप्शनची खूण, एसएमएसचा कोड नव्हे) बदलल्याची सूचना काहींना दिसेल, ती स्वाभाविक आहे. नवा पिन लावा, त्याला ईमेल जोडा, पासकी करा.

टेलिग्रामचं गणित उलटं आहे. तिथे चॅट सर्व्हरवर असतात, त्यामुळे लॉगिन झालं की सगळं परत दिसतं. फक्त सीक्रेट चॅट त्या फोनबरोबर जातात. कोड आधी चालू असलेल्या दुसऱ्या टेलिग्रामवर जातो, म्हणून संगणकावर उघडं असेल तर तिथे बघा. आणि तिथूनच ‘डिव्हायसेस’मध्ये जाऊन हरवलेल्या फोनचं सत्र, म्हणजे तिथलं लॉगिन, बंद करा. नव्याने लॉगिन केलेल्या फोनवरून जुनी सत्रं लगेच बंद करता येत नाहीत, २४ तास थांबावं लागतं. म्हणून संगणकावरचं टेलिग्राम घाईत लॉगआउट करू नका.

सिग्नल या मेसेजिंग अ‍ॅपवर त्याच्या पिनने प्रोफाइल, सेटिंग आणि संपर्क परत येतात, मेसेज येत नाहीत. ते हवे असतील तर बॅकअप आधीच घेतलेला हवा आणि त्याची की जवळ हवी.

हरवलेला फोन नंतर सापडला, तर त्यावर ताबडतोब व्हॉट्सअ‍ॅपची नोंदणी करू नका, कारण नवा फोन बाहेर फेकला जाईल. अँड्रॉइड असेल तर त्यात स्थानिक बॅकअपची फाइल असते. ती गूगलवरच्या बॅकअपपेक्षा ताजी असू शकते, म्हणून आधी ती कॉपी करून सुरक्षित ठेवा. मग ठरवा. दोन इतिहास एकत्र जोडता येत नाहीत. जुन्या फोनचा बॅकअप उतरवलात तर नव्या फोनवर मधल्या काळात आलेले मेसेज जातील. मधल्या काळातलं थोडंच असेल, तर त्या चॅट आधी ‘एक्सपोर्ट’ करून स्वतःला ईमेल करा आणि मगच जुना बॅकअप उतरवा.