शेणखताचा हिशेब नत्रावर संपत नाही

उन्हाळ्यात उकिरडा उपसायला काढला की आमच्याकडे ठरलेला वाद होतो. थोरले भाऊजी म्हणतात, "एका ट्रॉलीच्या पैशात युरिया किती येतो बघा!" त्यांचं गणित खरं आहे. युरियात ४६ टक्के नत्र, तर चांगल्या कुजलेल्या शेणखतात जेमतेम अर्धा टक्का, म्हणजे टनामागं पाच किलो. त्यातलंही पहिल्या वर्षी पिकाला थोडंच लागू होतं. पण मी शेणखत नत्रासाठी घालतच नाही.

आमचं रान काळं, चुनखडीचं, सामू (पीएच) आठाच्या वर. अशा जमिनीत जस्त आणि लोह असूनही मुळांना मिळत नाही. भुईमुगाची शेंड्याची पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. नुसतं झिंक सल्फेट फेकलं तर चुनखडी त्याला धरून बसते. शेण कुजताना जी सेंद्रिय आम्लं तयार होतात, ती जस्त-लोहाला स्वतःशी बांधून पिकाला घेता येईल अशा रूपात ठेवतात. म्हणून झिंक आणि फेरस सल्फेट मी दहापट शेणखतात कालवते, ओलसर ठेवून आठवडाभर सावलीत मुरवते आणि मगच पेरणीला देते. मुळांनाच जस्त मिळालं नाही तर ज्वारीच्या दाण्यात आणि लेकरांच्या भाकरीत ते येणार कुठून?

मात्र 'सेंद्रिय म्हणजे सगळंच जास्त पौष्टिक' हे मला पटत नाही. नुसत्या शेणखतावरच्या गव्हाला ऐन वाढीत नत्र कमी पडतं आणि दाण्यातलं प्रथिन बऱ्याचदा घटतं. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात ज्वारी-गव्हावर वर्षानुवर्षं चाललेल्या प्रयोगातही रासायनिक खताच्या जोडीला शेणखत दिलेले तुकडेच सरस ठरले. इंग्लंडात रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात १८४३ पासून एकाच रानात गहू घेतात. तिथं दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत मिळणाऱ्या तुकड्यात सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या शेण-पाचोळ्यातून मातीत साठणारा कार्बन) नुसत्या रासायनिक खतावरच्या तुकड्याच्या दुपटीहून जास्त आहे. आपल्या उन्हात कर्ब फार लवकर जळतो, आणि ३५ टन आणणार कुठून! म्हणूनच जे आहे ते नेमानं घालत राहायला हवं.

फक्त अर्धंकच्चं शेण रानात नेऊ नका. त्यातून हुमणी (मुळं कुरतडणारी अळी) आणि तणाचं बी येतं, आणि ते कुजताना पिकाच्या वाट्याचं नत्रही खातं.

दारात जनावर उरलं नसेल त्यांनी पावसाळ्यात ताग पेरावा आणि फुलावर येताच गाडावा. रब्बीच्या रानाला तेवढी सवड असतेच.