एका ‘सहल’ शब्दापायी गेलेले तेवीस दिवस

नववीच्या वर्गाला अर्ध्या दिवसासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यायला मला तेवीस दिवस लागले. केंद्र शाळेपासून चालत वीस मिनिटांवर आहे. त्या तेवीस दिवसांचा राग अजून गेलेला नाही. दुसऱ्या कुणा शिक्षकाचे हेलपाटे तरी वाचावेत म्हणून हे लिहितेय.

मी करवीर तालुक्यात विज्ञान शिकवते. आरोग्याच्या क्षेत्रात कोण जाणार असं वर्गात विचारलं, की हात वर करणारे सगळे एकतर डॉक्टर होणार असतात, नाहीतर नर्स. त्या दिवशी मधल्या सुट्टीत एक मुलगी माझ्याकडे आली. अभ्यासात चांगली, वडील गुऱ्हाळावर कामाला. म्हणाली, “मॅडम, नीटचा क्लास आमाला परवडत नाही. आरोग्यात दुसरं काय नसतंय का?”

या मुलांनी २०१९ आणि २०२१चा महापूर बघितलाय. पाणी ओसरल्यावर घरोघर ताप विचारत फिरणारी आशाताई, लेप्टोच्या, म्हणजे पुरानंतर येणाऱ्या तापाच्या, गोळ्या देणारे आरोग्य सेवक, विहिरीत टीसीएल ही जंतुनाशक पावडर टाकणारा ग्रामपंचायतीचा माणूस, हे सगळे त्यांच्या दारात येऊन गेलेत. हे शिकून करायचं काम असतं, त्याला सार्वजनिक आरोग्य म्हणतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. इतकी वर्षं मीही नाही.

मुख्याध्यापक लगेच हो म्हणाले. केंद्रातल्या डॉक्टर मॅडम फोनवर म्हणाल्या, “कधीही या, फक्त वरचं पत्र घेऊन या.”

त्या वरच्या पत्रानं माझा जीव काढला.

पहिल्या दिवशी आरोग्य विभागाच्या कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर अर्ज दिला. विषय लिहिला होता, ‘शैक्षणिक सहलीस परवानगी मिळणेबाबत’. लिपिकांनी विषयापुढं वाचलंच नाही. “सहल म्हणजे शिक्षणवाल्यांचं काम ओ मॅडम. तिकडची मंजुरी जोडा.” तिकडे गेले, तर “जागा आरोग्याची आहे, आधी त्यांची ना-हरकत आणा.” दोन टेबलांमध्ये माझा अर्ज नुसता फिरत राहिला. दर वेळी तास दुसऱ्या बाईंना द्यायचा, दुपारच्या उन्हात गाडी काढायची आणि तिथं जाऊन ऐकायचं, साहेब मीटिंगला गेलेत. साहेब दौऱ्यावर आहेत. सोमवारी या. सोमवारी गेले तर लोकशाही दिन.

मग सहलीचे कागद मागितले. बसचा फिटनेस, चालकाचा परवाना, विमा. आम्ही चालत जाणार आहोत असं सांगितलं, तर ते लिहून द्या म्हणाले. लिहून दिलं. पुढच्या खेपेला दुसरे लिपिक होते. ते म्हणाले, “बस नाही, मग सहल कशी?” त्या दिवशी मी जिना उतरून खाली आले आणि गाडीजवळ नुसती उभी राहिले. डोळ्यांत पाणी आलं होतं. ऑगस्ट संपत आला होता. डेंग्यूचं सर्वेक्षण याच दिवसांत जोरात चालतं आणि मला मुलांना नेमकं तेच दाखवायचं होतं. एकदा सहामाही जवळ आली, की वर्ग मिळणार नव्हता.

सहाव्या खेपेला बाहेरच्या बाकावर एक वयस्क आरोग्य पर्यवेक्षक बसले होते. त्यांनी अर्ज मागून घेतला, चष्मा वर करून वाचला आणि म्हणाले, “सहल खोडा. ‘क्षेत्रभेट’ लिहा. पोरं कुठं, किती वाजता, कुणासंगं, एवढंच घाला. सहल म्हटलं की फाइल हुतीय बघा.” त्याच बाकावर बसून मी अर्ज नव्यानं लिहिला. चौथ्या दिवशी सही झाली. मजकूर तोच, मुलं तीच, रस्ता तोच.

तेव्हा पहिली गोष्ट, विषयात सहल हा शब्द घालू नका. दुसरी, अर्ज दिला की पोच घ्या, आवक क्रमांक आणि शिक्का असलेली. माझा पहिला अर्ज सापडेना, तेव्हा माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं.

प्रत्यक्ष भेट मात्र मनासारखी झाली. आरोग्य सेवकांनी मुलांचे चार गट केले आणि प्रत्येकी दहा घरं दिली. एका परड्यात निळं बॅरल होतं. एकीनं “थांब, मी बघतो” म्हणत मोबाइलची बॅटरी पाण्यावर धरली. आधी काहीच दिसेना. मग पाण्याच्या कडेला डोकं खाली करून लोंबकळणाऱ्या बारीक अळ्या दिसल्या आणि उजेड पडताच वळवळत तळाला गेल्या. डेंग्यूचा डास अशाच साठवलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस, साठवलेलं पाणी ओतून भांडी कोरडी करायचा. चाळीस घरांपैकी सहा घरांत अळ्या सापडल्या. मुलांनी तिथंच हिशेब केला, हाऊस इंडेक्स, म्हणजे अळ्या सापडलेल्या घरांचं प्रमाण, पंधरा टक्के. शेकडेवारी कशाला शिकायची हे त्या दिवशी मला वेगळं सांगावं लागलं नाही.

नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायची ओटी टेस्टही झाली. थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. घरच्या नळाला लिटरमागं निदान ०.२ मिलिग्रॅम तरी हवा. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली होती. एका मुलाची मावशी तेव्हा आजारी होती. तो त्या नळीकडे किती वेळ बघत होता.

या क्षेत्रातल्या शिक्षणाचं मी जाण्याआधी एका पानावर लिहून ठेवलं होतं, तुम्हीही ठेवा. बारावीनंतर एएनएम, जीएनएम, बीएस्सी नर्सिंग हे नर्सिंगचे कोर्स, स्वच्छता निरीक्षकाचा डिप्लोमा. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असतात, ते बीएस्सी नर्सिंग किंवा बीएएमएस झालेले. पदवीनंतर दोन वर्षांचं एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, आहे आणि त्याला डॉक्टर असावंच लागतं असं नाही. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत ते शिकवतात. संख्याशास्त्रवाल्यांना साथीच्या आकड्यांचं काम, प्राणिशास्त्रवाल्यांना कीटकांचं. ‘कीटक समाहारक’, म्हणजे कीटक गोळा करणारा, नावाचं सरकारी पद आहे हे ऐकून मागच्या बाकावरची मुलं पहिल्यांदाच ताठ बसली. एमबीबीएसवाल्यांनाही पुढं कम्युनिटी मेडिसिनमध्ये एमडी करता येतं.

हे शाळेत परतल्यावर सांगा, केंद्रात नको. तिथं मुलांना माणसांशी बोलू द्या. आशाताईंनी अर्धा तास आपल्या वहीतल्या गरोदर बायकांच्या नोंदी कशा ठेवतात ते दाखवलं, ते माझ्या पानावर कुठंच नव्हतं.

सकाळच्या ओपीडीच्या वेळेत जाऊ नका, पेशंटचे हाल होतात. पेशंटचे फोटो काढायचे नाहीत हे मुलांना निघण्याआधीच बजावा. पालकांची संमतीपत्रं मात्र घ्याच, क्षेत्रभेट असली तरी. आणि ओटीचं द्रावण मुलांच्या हाताला लागू देऊ नका. थेंब टाकला की लगेच रंग बघा, वेळ गेला की तो बदलतो.

ती गुऱ्हाळवाल्यांची मुलगी दुसऱ्या दिवशी घरच्या नळाचं पाणी बाटलीत घेऊन आली. मी म्हटलं, बाटलीतून इतक्या वेळानं कळणार नाही, नळाशीच बघायला हवं. आता शनिवारी आरोग्य सेवक तिच्या गल्लीत येणार आहेत.