अब्रूनुकसानी: इंदूर, कोलंबो, माले

इंदूरच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद पेटला की 'अब्रूनुकसानीची केस ठोकतो' हे येतंच. पण गुन्हा अदखलपात्र. ठाण्यात एफआयआर होत नाही, बाधित व्यक्तीने न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करायची. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम ३५६: दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, किंवा नव्याने आलेली समाजसेवा. ही समाजसेवा म्हणजे ठिगळच. न्यायदंडाधिकाऱ्यांनी दखल घेण्याआधी आरोपीचं म्हणणं ऐकायचं, ही सुधारणा मात्र कामाची. फौजदारीची तीन वर्षांची मुदत धरून लोक निवांत बसतात आणि भरपाईच्या दिवाणी दाव्याचं एक वर्ष हातचं जातं.

श्रीलंकेने फौजदारी तरतूद २००२ मध्येच काढली, दिवाणी वाट ठेवली. मालदीवने २०१६ मध्ये अब्रूनुकसानीला गुन्हा ठरवणारा कायदा आणून २०१८ मध्ये रद्द केला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच २०१६ मध्ये शिक्षेची तरतूद वैध ठरवली.