बॉल डावीकडे गेला, बरं झालं

पुण्यात ज्युनिअर मुलांना टेनिस शिकवतो. कोर्टवर सर्वांत जास्त कानावर पडणारा शब्द म्हणजे 'मनगट!' सर्व्हिस नेटमध्ये गेली की पालकांच्या बाकावरून हमखास आरोळी येते, "अगं, मनगटाने मार!"

गेल्या उन्हाळ्यात आलेली तेरा वर्षांची मुलगी हेच ऐकत खेळलेली. उजव्या मनगटाला करंगळीच्या बाजूने दुखायचं. डॉक्टरांनी तपासून, विश्रांती देऊन हळूहळू खेळायला परवानगी दिली होती. वडिलांचं निदान मात्र वेगळं. "सर, हिच्या मनगटात जोरच नाही. घरी डंबेल्स आणलेत."

तिच्या दोन-चार सावकाश सर्व्हिस मी फोनवर स्लो मोशनमध्ये घेतल्या, सेकंदाला 240 फ्रेम. बॉल तारांवर जेमतेम 4-5 मिलिसेकंद टिकतो, त्यामुळे एवढ्या फ्रेममध्येही तो क्षण एखाद्-दुसऱ्या चित्रातच सापडतो. मला हवी होती त्याच्या आधीची चित्रं. ग्रिप, म्हणजे रॅकेटची पकड, फोरहँडची (उजवीकडून फटका मारताना धरतात तशी), आणि रॅकेट वर जातानाच तारा आभाळाकडे तोंड करून. मग कोपराखालच्या हाताला वळायला जागाच राहत नाही. वेग काढायचा तर उरतं मनगट. दुखणार नाही तर काय!

वडिलांना मी माजी टेनिसपटू पीट सॅम्प्रसची स्लो मोशन सर्व्हिस दाखवली. रॅकेट बॉलकडे तारांनी नाही, चौकटीच्या कडेने चढते, अगदी शेवटी वळते, आणि बॉल गेल्यावर तळहात बाहेरच्या बाजूला वळलेला दिसतो. वेगाचा मोठा वाटा दंड खांद्यातून आत फिरण्याचा. कोपराखालचा हातही त्याच्याबरोबर फिरतो. मनगटही काम करतं, पण ते सैल हवं. मागे मुडपलेलं मनगट बॉल लागेपर्यंत जवळजवळ सरळ होतं. मुद्दाम झटकायला गेलं की ताठरतं.

ग्रिप कॉन्टिनेन्टल केली, म्हणजे रॅकेट हातोडीसारखी धरायला लावली, आणि तिला सर्व्हिस लाइनवर उभं केलं. पहिला बॉल डावीकडच्या कुंपणावर. पुढचे दोन-तीनही तिकडेच. ती रडकुंडीला आली. "सर, सरळ जातच नाहीये!"

"छान. म्हणजे ग्रिप बरोबर आहे. या ग्रिपने हात वळला नाही की बॉल डावीकडेच जातो. आता कडेनेच वर जा आणि तळहात उजव्या कुंपणाला दाखव."

थोड्या वेळाने एक बॉल सरळ गेला. फार जोरात नाही, पण आवाज वेगळा आला. तिने मनगटाकडे पाहिलं, बोटं हलवून बघितली, आणि पुढचा बॉल मागितला.

"मग डंबेल्सचं काय करू?" वडिलांनी विचारलं.

"तूर्त कपाटात ठेवा. खांद्याच्या व्यायामासाठी रबर बँड आणा."