सकाळच्या टिपणातली चूक

वकिलांच्या फर्ममध्ये निवडीच्या दिवशी उमेदवारांना लेखी परीक्षेसाठी दिलेला कागद साधा दिसतो. भाडेकराराचा उतारा, अशिलाची ईमेल आणि कंपनी-नोंदणीचा एक प्रिंटआउट. पंचेचाळीस मिनिटांत पार्टनरसाठी, म्हणजे फर्मच्या भागीदार वकिलासाठी, एक पानी टिपण लिहायचं, बस्स. अशील म्हणजे बेकरीची छोटी साखळी. दुकान दहा वर्षांच्या करारावर, भाडं वर्षाला ६०,००० पौंड, दर तिमाहीला १५,००० आगाऊ आणि वर २० टक्के व्हॅट. पाच वर्षं झाली की ३१ जुलैला करारातून बाहेर पडायची मुभा आहे. इंग्लंडमध्ये त्याला ब्रेक क्लॉज म्हणतात. त्याच्या अटी तीन: किमान सहा महिने आधी लेखी नोटीस, त्या तारखेपर्यंत देय झालेलं सगळं भाडं चुकतं केलेलं, आणि जागेचा मोकळा ताबा. ईमेल जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली. बेकरीवाला लिहितो की नोटीस ईमेलनेच पाठवतो, जूनचं भाडं ३१ जुलैपर्यंतच्या दिवसांपुरतंच देतो, आणि भट्ट्या काढायचा खर्च नको म्हणून त्या तिथेच सोडतो, जागामालकाला उपयोगी पडतील.

बर्मिंगहॅममध्ये कोलमोर रोच्या आसपास वकिलांच्या फर्म एकमेकींना खेटून आहेत, आमची मध्यम आकाराची फर्म त्यांतली एक. त्या दिवशी ट्रेनी सॉलिसिटरच्या, म्हणजे शिकाऊ वकिलाच्या, दोन जागांसाठी आठ उमेदवार शेवटच्या फेरीला आले होते. मी मालमत्ता विभागातली, त्यामुळे हा कागद माझा, आणि दुपारच्या मुलाखतीत तिघांच्या पॅनेलवरही मी होते.

ईमेलमधल्या तिन्ही बेतांत एकेक खड्डा आहे. करारात नोटीस हाती किंवा टपालाने द्यायची असं स्पष्ट लिहिलंय, ईमेल चालत नाही. भट्ट्या सोडल्या तर ताबा मोकळा झाला का, यावरून भांडण लागतं. चौथा खड्डा प्रिंटआउटमध्ये आहे: करार एका कंपनीच्या नावावर आणि ईमेलखालची सही त्याच ग्रुपमधल्या दुसऱ्या कंपनीची. भाडेकरू नसलेल्या कंपनीने दिलेली नोटीस म्हणजे कागदाचा तुकडा. १९९७ साली 'मनाई' नावाच्या कंपनीच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, तारीख एका दिवसाने चुकलेली नोटीस वाचवली खरी, तीही तीन विरुद्ध दोन मतांनी, पण त्याच निकालात न्यायाधीश लॉर्ड हॉफमन यांनी बजावून ठेवलंय: करारात निळा कागद म्हटला असेल तर गुलाबी कागदावरची नोटीस चालायची नाही.

सगळ्यात खोल खड्डा भाड्याचा. इंग्लंडमध्ये तिमाहीचे दिवस पूर्वापार ठरलेले आहेत: २५ मार्च, २४ जून, २९ सप्टेंबर, २५ डिसेंबर. २४ जूनला अख्खी तिमाही देय होते, तुम्ही जुलैअखेर निघणार असलात तरी. दिवसांच्या हिशेबाने अडतीस दिवसांचे, व्हॅट सोडून, ६,२५० पौंडांच्या आसपास होतात. तेवढेच भरले तर ८,७५० वाचल्यासारखे वाटतात. प्रत्यक्षात अट मोडते, करार सुटत नाही आणि पुढच्या पाच वर्षांचे तीन लाख गळ्यात पडतात. पूर्ण भरू आणि जास्तीचे मागून परत घेऊ, असंही होत नाही. मार्क्स अँड स्पेन्सर या दुकानांच्या मोठ्या साखळीने नेमकं हेच मागितलं होतं आणि २०१५ साली ते सर्वोच्च न्यायालयात हरले. परतफेडीचं कलम करारातच नसेल तर न्यायालय ते आपल्या पदरचं घालत नाही.

हे सगळं उमेदवाराला आधी ठाऊक असावं अशी अपेक्षा नसते. निम्मे उमेदवार कायद्याची पदवी नसलेले असतात, कुणी इतिहास शिकलेला, कुणी रसायनशास्त्र. करार नीट वाचला तर भाड्याची अट आणि नोटिशीचं कलम समोरच असतं. गुणपत्रिकेवर आम्ही पाहतो ते वेगळं: पहिल्या दोन ओळींत उत्तर आहे का, तारीख ठळक आहे का, अशिलाने उद्या सकाळी काय करायचं ते सांगितलंय का, आणि जे कळलं नाही ते 'तपासायला हवं' म्हणून नोंदवलंय का. त्या दिवशी एका उमेदवाराला मार्क्स अँड स्पेन्सरचा खटला नावानिशी माहीत होता. त्याने दोन तृतीयांश पान त्यावर खर्च केलं, आणि बेकरीवाल्याने भाडं भरायचं की नाही हे लिहायच्या आत वेळ संपला. पाचपैकी दोन. दुसरीने एकही खटला न लिहिता सुरुवात केली: 'पूर्ण तिमाही भरा. नोटीस भाडेकरू कंपनीच्या नावाने, हाती, या महिन्याच्या २५ तारखेपूर्वी.' शेवटची मुदत ३१ जानेवारी असताना तिने सहा दिवस हाताशी ठेवले. भट्ट्यांचा मुद्दा तिच्या नजरेतून सुटला होता, तरी चार.

नंतरचा गट-चर्चेचा तास लिहिण्यासारखा नाही. पैसे कुठल्या समाजकार्यावर खर्चावेत वगैरे. जो पहिल्या मिनिटाला फळ्यावर उभा राहतो तो नेता, हा समज इथेही आहे आणि इथेही तो खोटाच आहे. वेळेकडे लक्ष ठेवणाऱ्याला आणि गप्प बसलेल्याला बोलतं करणाऱ्याला गुण जास्त मिळतात, एवढं सांगून पुढे जाते.

मुलाखती दुपारी. प्रत्येकी चाळीस मिनिटं, प्रश्न सगळ्यांना तेच, आणि तिघांनीही उमेदवाराचे शब्द जसेच्या तसे टिपायचे. ही लिहायची सक्ती बाहेरून कुणाला दिसत नाही, पण निकाल तिच्यावर ठरतो. संध्याकाळच्या बैठकीत 'मुलगा आवडला' याला किंमत नसते. पानावर पुरावा लागतो. 'आमच्या टीमने लॉ क्लिनिकमध्ये (मोफत कायदा-सल्ला केंद्रात) भाडेकरूंना मदत केली' हे ऐकलं की पेन थांबतं, कारण यात उमेदवाराने स्वतः काय केलं तेच कळत नाही. 'घर खाली करायची नोटीस मिळालेल्या बाईंची कागदपत्रं मी तारीखवार लावली, अनामत रक्कम संरक्षण योजनेत भरलेलीच नव्हती हे माझ्या लक्षात आलं, मी सुपरवायझरला दाखवलं' हे ऐकलं की तीन ओळी लिहून होतात.

'हीच फर्म का' या प्रश्नावर आठांतल्या पाचांनी आमच्याच वेबसाइटची वाक्यं आम्हाला ऐकवली. व्यवसायाची जाण तपासायच्या प्रश्नावर मात्र एक उत्तर छान आलं. प्रश्न होता: बेकरीवाला दुकान बंद का करत असेल? मुलगी म्हणाली, एप्रिल २०२५ पासून नॅशनल इन्शुरन्स या सरकारी विम्यातला मालकाचा वाटा पगाराच्या १३.८ टक्क्यांवरून १५ वर गेला आणि तो वर्षाला ९,१०० ऐवजी ५,००० पौंडांच्या पगारापासूनच सुरू झाला. बेकरीत अर्धवेळ काम करणारे जास्त, म्हणून त्याची झळ तिथे जास्त बसते. तेव्हा हा अशील आणखीही दुकानं बंद करेल, त्याचे बाकीचे करार आत्ताच मागवून ठेवावेत. बातमी सगळ्यांनीच वाचली होती. ती अशिलाच्या गल्ल्यापर्यंत तिने एकटीने नेली.

सव्वादोनला आला तो उमेदवार इतिहासाचा पदवीधर, दोन वर्षं एका फर्ममध्ये पॅरालीगल, म्हणजे वकिलांचा मदतनीस. सकाळी त्याने टिपणात लिहिलं होतं की ३१ जुलैपर्यंतचं भाडं दिलं तरी पुरे. बाकी टिपण नेटकं. खुर्चीत बसला आणि आमचा पहिला प्रश्न यायच्या आत म्हणाला, "सुरू करण्याआधी एक सांगायचंय. सकाळच्या टिपणात मी भाड्याचा सल्ला चुकीचा दिला. कलमात 'देय झालेलं भाडं' असं आहे आणि देय होतं ते २४ जूनला, पूर्ण. अशिलाने माझं ऐकलं तर त्याचा ब्रेक जाईल."

पॅनेलवरच्या सीनियर पार्टनरने ठरलेला प्रश्न बाजूला ठेवला. असं आम्ही सहसा करत नाही. सर्वांना सारखेच प्रश्न, हा नियम पक्षपात टाळायला असतो. पण त्याने विचारलं, "समजा टिपण अशिलाकडे गेलंय. आता?"

उत्तराला मुलाने घाई केली नाही. आधी सुपरवायझिंग पार्टनरला सांगेन, लगेच, ईमेलवर नाही तर समोर जाऊन. जूनचं भाडं अजून भरायचंय, म्हणजे नुकसान झालेलं नाही, पण म्हणून गुपचूप दुसरं टिपण पाठवायचं नाही. पहिल्यात काय चुकलं ते अशिलाला स्पष्ट सांगायचं. अशा चुकांसाठी फर्मने घेतलेल्या विम्याच्या कंपनीला कळवायचं का, हे मी ठरवणार नाही, फर्म ठरवेल. आणि फाइलवर नोंद.

सॉलिसिटरांवर देखरेख ठेवणाऱ्या सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीच्या आचारसंहितेत ७.११ हा परिच्छेद हेच सांगतो: काही बिघडलं तर अशिलाशी प्रामाणिक आणि मोकळं राहा, शक्य तितकं निस्तरा, काय झालं ते पूर्ण आणि तातडीने समजावून सांगा. त्याने परिच्छेदाचा क्रमांक सांगितला नाही, आणि तेच बरं झालं.

याच्या उलट टोक त्याच दिवशी पाहिलं. ठरलेला नीतीचा प्रश्न असा आहे: शुक्रवारी संध्याकाळी, पार्टनर विमानात असताना, मोठा अशील फोन करतो आणि दस्तावर कालची तारीख टाकायला सांगतो. एका चुणचुणीत उमेदवाराने अशिलाला शांत कसं करीन, नातं कसं जपीन, पर्याय कसे देईन हे चार मिनिटं सुरेख सांगितलं. 'नाही' हा शब्द आलाच नाही, दुसऱ्या पार्टनरला फोन करीन हेही आलं नाही. मागची तारीख घालणं म्हणजे खोटा दस्त. त्यावरून वकिली गेलेली माणसं आहेत. तिघांच्याही पानावर शून्य पुरावा.

साडेपाचच्या बैठकीत वाद झाला तो सव्वादोनवाल्यावर. एका पार्टनरचं म्हणणं, चूक कबूल केली म्हणून लेखीचे गुण वाढवायचे का? मग जेवणाच्या सुट्टीत बाकीच्यांशी बोलून चूक कळलेल्यालाही वाढवावे लागतील. मुद्दा रास्त होता, आणि मीही त्याच बाजूने बोलले. लेखीचे दोन गुण दोनच राहिले. पण निर्णयक्षमता आणि सचोटी हे रकाने वेगळे आहेत आणि त्यांत लिहायला तिघांकडे पानभर मजकूर होता. माझं मत अगदी व्यवहारी आहे: ट्रेनी चुकणारच, त्याची चूक मला दुपारपर्यंत कळते की सहा महिन्यांनी दाव्याच्या नोटिशीतून, यावर फर्मचा विम्याचा हप्ता ठरतो. एक जागा त्याला, दुसरी २५ तारीख लिहिणाऱ्या मुलीला.

नकार कळवायचे फोन आम्ही वाटून घेतो. माझ्या वाट्याला आलेली एक मुलगी पुण्याची, महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद असलेली, इथे एलएलएम करून ग्रॅज्युएट व्हिसावर, म्हणजे शिक्षणानंतर काही काळ राहून काम करू देणाऱ्या व्हिसावर, थांबलेली. आडनावावरून ओळखून तिनेच विचारलं, "मॅडम, मराठीत बोललं तर चालेल?" तिची मुलाखत तोंडी परीक्षेसारखी झाली होती: प्रश्न आला की उत्तर, मग स्तब्ध. प्रत्येक वाक्याला 'सर'. त्याचे गुण कुणी कापत नाही, पण पॅनेल सहकारी शोधत असतं आणि समोर विद्यार्थिनी बसलेली दिसते. गट-चर्चेत तर मोठ्यांचं बोलणं संपायची वाट पाहावी तशी ती पाळी येण्याची वाट पाहत राहिली.

हे सांगितलंच, पण महत्त्वाचं दुसरं होतं. तिला वाटत होतं की ट्रेनीची जागा मिळाल्याशिवाय इंग्लंडमध्ये सॉलिसिटर होताच येत नाही. इथे शिकून नव्याने येणाऱ्याला पदवी, एसक्यूई या सॉलिसिटरच्या पात्रता परीक्षेचे दोन्ही टप्पे, चारित्र्याची तपासणी आणि दोन वर्षांचा पात्रता-अनुभव लागतो. तो अनुभव चार संस्थांपर्यंत वाटून घेता येतो, पॅरालीगल किंवा लॉ क्लिनिकचं कामही त्यात मोजलं जातं. सनद असलेल्याला मात्र हा दोन वर्षांचा अनुभव लागतच नाही. एसक्यूई एक म्हणजे १८० प्रश्नांचे दोन पेपर, एसक्यूई दोनमध्ये बारा लेखी आणि चार तोंडी कामं. दुसऱ्या टप्प्यातून पूर्वानुभवावर सूट मागता येते, पण अर्ज परीक्षेची फी भरण्याआधी करावा, कारण दोन्ही टप्पे मिळून खर्च ४,९०० पौंडांच्या घरात जातो. आणि नापास होत राहिलं तर सहा वर्षांत तीनच संधी.

"मग ट्रेनीच्या जागेचा काही उपयोगच नाही का?"

आहे, म्हटलं. परीक्षा पास झालेल्यालाही फर्म विचारते की इथल्या फाइली कुठे हाताळल्या. शिवाय व्हिसा. त्यासाठी फर्मकडे स्पॉन्सरचा, म्हणजे परदेशी माणसाला नोकरीवर आणायचा, परवाना लागतो, आणि लंडनबाहेरच्या लहान फर्मचा ट्रेनीचा पगार सरकारने ठरवलेल्या किमान रकमेला पुष्कळदा पोचतच नाही. तिथे मुलाखत कितीही रंगली तरी हात बांधलेले असतात. म्हणून अर्ज भरायच्या आधी गृहखात्याच्या परवानाधारकांच्या यादीत फर्मचं नाव पाहायचं, मग त्यांच्या भरती विभागाला दोन ओळींची ईमेल टाकून ट्रेनीला स्पॉन्सर करता का हे विचारायचं. यादी मोफत आहे आणि सर्वांना खुली आहे. तिने फोनवर असतानाच उघडली. तिने अर्ज केलेल्या चार फर्मपैकी दोन त्यात नव्हत्या.