आमची वाटचाल: फोंड्यातलं आमचं डिझाइनचं दुकान आणि इथे काम शिकून गेलेली मुलं

2012 साली आम्ही गोव्यातल्या फोंड्यात दुकान सुरू केलं तेव्हा बोर्डवर नुसतं "डिझाइन आणि प्रिंटिंग" लिहिलं होतं, आजही तेच आहे. कामं म्हणाल तर सगळीच, लग्नपत्रिका, जत्रेचे फ्लेक्स, नाटकांची हँडबिलं, काजूची पाकिटं, हॉटेलांची मेनूकार्डं. दुकान फार मोठं झालं नाही आणि ते करायचंही नव्हतं, पण या सगळ्या वर्षांत कसलं समाधान जास्त आहे असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, कॉलेज करता करता इथे काम शिकून गेलेल्या मुलांचं, म्हणून आज त्यांच्याबद्दलच लिहिते.

मी स्वतः पणजीत आल्तिनो टेकडीवरच्या गोवा कला महाविद्यालयात अप्लाइड आर्ट केलं. टायपोग्राफी, पोस्टर, रंग, ड्रॉइंग, तिथे शिकलेलं आजही रोज कामाला येतं. पण छापखाना म्हणजे काय ते कळलं अण्णांकडे. कॉलेज सुटलं की कदंबाच्या बसने फोंड्याला यायचं आणि घरी जायच्या आधी अण्णांच्या प्रेसमध्ये जायचं, हा माझा नेम होता. अण्णांनी पहिले कितीतरी दिवस कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही, म्हणाले आधी कटिंगला उभी राहा, कागद ओळख. जाड कार्ड ग्रेनच्या, म्हणजे कागदातल्या तंतूंच्या दिशेच्या, विरुद्ध दुमडलं की घडीवर रंग फुटतो आणि पांढरी रेघ दिसते, म्हणून आधी क्रीजिंग मारायचं, म्हणजे घडीच्या जागी दाबून खाच पाडायची, हे मी तिथे बोटांनी शिकले. आणि एका शनिवारी त्यांनी हातात पाकीट ठेवलं. मी म्हटलं, अण्णा मी तर शिकायला येते. तर म्हणाले, "तू सेट केलेली पत्रिका गिऱ्हाइकाने पैसे मोजून नेली ना, मग त्यातले तुझे तुला नकोत?"

ते वाक्य मी आमच्या दुकानात नियम म्हणूनच ठेवलंय. आमच्याकडे येणाऱ्या मुलांना आम्ही पहिल्या महिन्यापासून पैसे देतो, मग ते थोडे का असेनात. माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीला एका मोठ्या ऑफिसने सुट्टीभर फुकट राबवलं, अनुभव मिळतोय ना असं म्हणून, आणि शेवटी तिने केलेल्या लोगोवर तिचं नावसुद्धा कुठे आलं नाही. मला त्याचा अजून राग येतो. जे काम गिऱ्हाइकाला विकलं जातं त्याचे पैसे ते करणाऱ्याला मिळायला पाहिजेत, तो विद्यार्थी असला म्हणून काय झालं. 2020 च्या शैक्षणिक धोरणापासून इंटर्नशिपला डिग्रीतच जागा मिळालीय, ते चांगलंच आहे, पण त्यामुळे नुसत्या सर्टिफिकेटसाठी विचारणारेही वाढलेत, त्यांना मी आधीच सांगते की इथे काउंटरवर उभं राहावं लागेल.

काउंटरवर का, तर कॉलेजमध्ये विषय कागदावर लिहून मिळतो आणि इथे तो गिऱ्हाइकाच्या तोंडून काढून घ्यावा लागतो. देवस्थानची मंडळी येतात, म्हणतात "ताई, जरा उठावदार करा". आता उठावदार म्हणजे काय, मोठी अक्षरं की लाल रंग की देवाचा फोटो मोठा, हे विचारायचं कसं आणि विचारताना समोरच्याला आपली परीक्षा घेतायत असं वाटू द्यायचं नाही, हे चार गिऱ्हाइकांशी बोलल्याशिवाय येत नाही. मी मुलांना सांगते, बोलणं चाललेलं असतानाच पेन्सिलने छोटा रफ काढून दाखवा, माणूस लगेच बोट ठेवून सांगतो की हे इथे नको तिथे पाहिजे.

सावर्ड्याची एक मुलगी तिसऱ्या वर्षाला असताना आमच्याकडे होती, तिला काजूच्या पाकिटाचं काम दिलं. डिझाइन तिने खरंच सुंदर केलं होतं, काजूच्या बोंडाचं चित्र हाताने काढून स्कॅन केलेलं. मग बसून बाकीचं पाहिलं, हिरव्या ठिपक्याचं व्हेज चिन्ह, एफएसएसएआयचा म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 14 आकडी लायसन्स नंबर, निव्वळ वजन, सर्व करांसहित एमआरपी, काजू असल्याने अ‍ॅलर्जीची सूचना, ग्राहकाने तक्रार करायची तर पत्ता. हे सगळं बसवायचं आणि पाकिटाच्या सीलिंगच्या पट्टीत एकही अक्षर जाऊ द्यायचं नाही, कारण तिथे गरम पट्टी दाबली जाते. तेवढं झाल्यावर मी तिला नमुना घेऊन कारखान्यात पाठवलं. तिथे तिने पाहिलं की पॅकिंग करणारी बाई तारीख आणि बॅच नंबर रबरी शिक्क्याने मारते, आणि आमच्या ग्लॉसी लॅमिनेशनवर ती शाई वाळतच नाही, बोट लागलं की पुसते. ती परत आली आणि स्वतःच म्हणाली, ताई मागच्या बाजूला लॅमिनेशन नसलेला साधा कागदी स्टिकर लावूया, तारीख त्याच्यावर. आम्ही तसंच केलं, ते गिऱ्हाइक अजून आमच्याकडेच येतं. त्या दिवशी ती जे शिकली ते मी टेबलावर बसून कितीही सांगितलं असतं तरी तिच्या अंगात उतरलं नसतं.

दुसरी मोठी शाळा म्हणजे देवनागरी. गोव्यात मराठी आणि कोकणी दोन्ही देवनागरीत छापायचं असतं, खाली इंग्रजी असतं, आणि जत्रेच्या दिवसांत, म्हणजे कार्तिकापासून माघापर्यंत, हँडबिलांचा पूर येतो. मजकूर येतो व्हॉट्सअ‍ॅपवर युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांत, प्रेसकडे जुनी फाइल असते श्रीलिपी या जुन्या फॉन्टपद्धतीत, एकातून दुसऱ्यात नुसतं कॉपी पेस्ट केलं की अक्षरांचा चिवडा होतो. सॉफ्टवेअरची सेटिंग बरोबर नसली की वेलांटी चुकीच्या जागी जाते आणि जोडाक्षरं सुटी पडतात, इनडिझाइन या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर नावाची सेटिंग लावावी लागते, ही गोष्ट माहीत नसलेली मुलं फॉन्टलाच दोष देत बसतात. प्रेसला पाठवताना अक्षरं कर्व्ह करायची, म्हणजे त्यांचे आकार करून टाकायचे, मग फॉन्ट लागत नाही, पण कर्व्ह न केलेली फाइल आपल्याकडे जपून ठेवायची, कारण रात्री दहाला फोन येणारच की नाटकातलं एक पात्र बदललंय. आणि नावं! नावाचा एक काना गेला तर माणूस वर्षभर विसरत नाही, म्हणून प्रूफ छापून कमिटीतल्या एकाची सही घेतल्याशिवाय आम्ही छपाईची प्लेट काढत नाही.

छपाईच्याही काही गोष्टी शिकाव्या लागतात. बारीक काळी अक्षरं फक्त काळ्या शाईत ठेवायची, चार रंगांत नाही, कारण प्रत्येक रंगाची प्लेट वेगळी असते आणि त्या केसभर सरकल्या तरी अक्षर धूसर होतं. चारी बाजूंनी 3 मिलिमीटर ब्लीड सोडायचं, म्हणजे कापताना पांढरी कड राहू नये म्हणून रंग थोडा बाहेर न्यायचा. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून मागवायचा, नाहीतर तो चेपून लहान होऊन येतो. स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा कागदावर मळकट होतो, त्याचं दुःख प्रत्येक नव्या मुलाला एकदा होतंच. मशीनजवळ उभं राहून पहिला ताव हातात घेतला की हे आपोआप कळतं, म्हणून आमच्या शेजारच्या ऑफसेटवाल्या भाऊंचे मी कायम उपकार मानते, ते मुलांना उभं राहू देतात, विचारलं की मशीन थांबवून दाखवतात.

पोर्टफोलिओबद्दल, म्हणजे आपल्या कामाच्या नमुन्यांच्या फाइलबद्दल, मला विचारतात, त्यात नुसतं तयार डिझाइन लावू नका. गिऱ्हाइकाने काय सांगितलं होतं, पहिले रफ कसे होते, काय बदललं आणि का, आणि छापून आलेल्या वस्तूचा फोटो, एवढं एका कामाचं दाखवलं तरी समोरच्याला कळतं की हा माणूस काम करू शकतो. तुम्ही फक्त अक्षरजुळणी केली असेल तर तसंच लिहा. गिऱ्हाइकाची परवानगी आम्ही आधीच घेऊन ठेवतो, म्हणजे मुलांना संकोच नको.

आमच्याकडे शिकलेली एक मुलगी आज पणजीत स्वतःचं काम करते, एक मुलगा पुण्यात पॅकेजिंगमध्ये आहे, सावर्ड्याची ती मुलगी मोठी ऑर्डर आली की अजून आमच्यासाठी घरून काम करते. या वर्षीही चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आटोपली की दोन मुलांना घेणार आहोत. दुसऱ्या वर्षाच्या पुढची असली तर बरं, सॉफ्टवेअर थोडं कमी येत असलं तरी चालेल, पण मराठी किंवा कोकणी देवनागरीत नीट वाचता आलं पाहिजे आणि स्केचबुक घेऊन यावं. दुपारी चारनंतर या, तेव्हा काउंटरवर गर्दी कमी असते, निवांत बोलता येतं.